सहा वर्षांना सहा दिवस

गोवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत २८ डिसेंबर १८८५ रोजी काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. ते भरायचं होतं पुण्याला. तिकडे पटकीची साथ आली म्हणून मान मुंबईला मिळाला. प्रतिनिधी ७२. मागण्या अशा: कायदेमंडळात हिंदी सभासद वाढवा, सनदी परीक्षा हिंदुस्थानातही घ्या, लष्करावरचा खर्च आवरा. अर्ज लिहायची सवय शहराला जुनीच. जगन्नाथ शंकरशेट आणि दादाभाई नौरोजी यांच्या बॉम्बे असोसिएशनने १८५२ पासून हेच केलं होतं.

म्हणजे शहर शांत होतं असं नाही. ऑक्टोबर १८५७ मध्ये सय्यद हुसेन आणि मंगल गडिया या दोन शिपायांना आजच्या आझाद मैदानाच्या भागात तोफेच्या तोंडी दिलं गेलं. पण तो उठाव इथे पेटण्याआधीच पोलिसांनी चिरडला.

खरा असंतोष दिवाणखान्यात नव्हताच, तो चाळीत होता. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सापडला आणि सरकार पहिल्यांदा थेट लोकांच्या घरात शिरलं. झडत्या, सामानाची होळी, आजाऱ्याला उचलून इस्पितळात नेणं. त्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. मार्च १८९८ मध्ये तपासणीवरून पुन्हा दंगल झाली. ना ठराव, ना पुढारी, नुसता राग. अर्ज लिहिणाऱ्यांना या रागाशी देणंघेणं नव्हतं, उलट त्याची थोडी भीतीच वाटत होती.

हे दोन प्रवाह मुंबईत कधी मिळाले याची तारीख सांगता येते, आणि ती १९४२ ची नाही. ती आहे जुलै १९०८.

खुदीराम बोस यांच्या मुजफ्फरपूरच्या बॉम्बनंतर 'केसरी'त आलेल्या लेखांवरून टिळकांना २४ जूनला क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात अटक झाली. खटला हायकोर्टात, न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे. हेच दावर १८९७ च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे होते. या वेळी जामीन मागायला बॅरिस्टर जिना उभे राहिले, आणि दावरांनी तो नाकारला. ज्युरीत सात युरोपियन, दोन पारशी. टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली, दिवसामागून दिवस. २२ जुलैला रात्री निकाल लागला: सात विरुद्ध दोन, दोषी. सहा वर्षं काळं पाणी. जमाव जमेल म्हणून त्याच रात्री त्यांना गुपचूप शहराबाहेर काढलं गेलं.

दुसऱ्या दिवशी २३ जुलै, टिळकांचा वाढदिवस. गिरण्या बंद पडू लागल्या. मुळजी जेठा मार्केटमधला कापडबाजारही बंद. सहा वर्षांच्या शिक्षेला सहा दिवसांचा संप, एका वर्षाला एक दिवस. हा हिशेब समजायला इंग्रजी ठराव वाचता यायला नको होता. लष्कर उतरलं, गोळीबार झाला, माणसं मेली, तरी संप चालला. दूर युरोपात लेनिनने त्याची नोंद घेतली.

आता हे सगळं केवळ टिळकांवरच्या प्रेमाने घडलं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. गिरण्यांत विजेचे दिवे आल्यावर कामाचे तास पंधरापर्यंत ताणले गेले होते. वंगभंगानंतर स्वदेशीच्या लाटेत गिरणीमालकांची चांदी झाली, कामगाराच्या पदरात फारसं पडलं नाही. पण चिंचपोकळीत येऊन टिळक या लोकांशी मराठीतून बोलले होते. कोकणातून नि घाटावरून आलेल्या माणसाला आपला पुढारी, आपली भाषा आणि आपला साहेब या तिन्ही गोष्टी एकदम ओळखता आल्या.

पुढचा प्रवास मात्र सरळ नाही. १ ऑगस्ट १९२० ला टिळक सरदारगृहातच गेले. चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले, आणि असहकार सुरू झाला तो त्याच दिवशी. पुढच्या वर्षी परळला विलायती कापडाची होळी झाली. नोव्हेंबरात प्रिन्स ऑफ वेल्स आला तेव्हा त्याच शहरात हिंदू-मुसलमान एकीकडे आणि पारशी, ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन दुसरीकडे अशी दंगल पेटली. तिकडे दुर्लक्ष करून मुंबईचा इतिहास लिहिता येत नाही. १९२८ चा गिरणी संप सहा महिने चालला, पण तो लाल बावट्याचा, म्हणजे कम्युनिस्टांचा. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात गिरणगाव बऱ्यापैकी अलिप्तच राहिलं. तरी १२ डिसेंबरला काळबादेवीत विलायती कापडाच्या लॉरीपुढे आडवा पडून चिरडला गेला तो बाबू गेनू, आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा, गिरणीतलाच.

८ ऑगस्ट १९४२ चं, 'छोडो भारत'चं गोवालिया टँक सर्वांना पाठ आहे. त्यापेक्षा फेब्रुवारी १९४६ बद्दल कमी बोललं जातं. 'तलवार' या नौदल केंद्रात निकृष्ट जेवण आणि अधिकाऱ्यांच्या शिवीगाळीवरून १८ तारखेला नाविकांचा संप सुरू झाला, आणि दोन दिवसांत बंदरातल्या जहाजांवर काँग्रेसचा तिरंगा, मुस्लिम लीगचा चांद आणि लाल बावटा एकत्र चढला. २२ तारखेला कम्युनिस्टांच्या हाकेवर कामगार बाहेर पडले. सरदार पटेलांनी हरताळ नको म्हटलं होतं. कुणी ऐकलं नाही. परळमध्ये गोळी लागून कमल दोंदे गेल्या. शहरात दोनशेहून जास्त माणसं मेली. २३ तारखेला, पटेलांनी समजूत घातल्यावर, नाविकांनी शरणागतीचे काळे झेंडे चढवले.