दगडाखाली साप आहे की नाही?

‘प्लॅनिंग सोडा, बिनधास्त जगा’ असे रील हल्ली सुप्रभातच्या फुलांसोबतच येऊन पडतात. सगळं आधी ठरवणारा माणूस बदलाला भितो, असा ते बनवणाऱ्यांचा समज दिसतो. मला तो पटत नाही. आमचे मामा यवतमाळ जिल्ह्यात कपाशी-तूर घेतात. बियाणं, खत, डवरणीचे दिवस, निंदणाच्या बाया, सगळं उन्हाळ्यातच वहीत उतरलेलं असतं. पाऊस आठवडाभर येणार नाही हे पक्कं कळलं, तर ते निमूटपणे पान उलटतात आणि दुसरं काम काढतात. त्यांची झोप उडते ती ‘तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता’ ऐकून. “नाई येत त नाई म्हना, पन काई त एक सांगा!” असं ते मोबाईलवरच ओरडतात. २०२५ मध्ये मान्सून केरळात २४ मेलाच पोचला, नेहमीच्या १ जूनच्या आठवडाभर आधी; विदर्भाच्या बऱ्याच भागाला मात्र जूनच्या मध्यापर्यंत वाट पाहावी लागली. त्या दिवसांत मामांशी कुणी बोलू धजत नव्हतं.

या चिडचिडीचं गणित २०१६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी मांडलं. ४५ जणांना त्यांनी संगणकावर एक खेळ दिला. पडद्यावर दगड दिसणार, त्याखाली साप आहे की नाही हे ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा झटका, अगदी खराखुरा. कोणत्या दगडाखाली साप असण्याची शक्यता जास्त, हे खेळताखेळता कळत जाई. पण ती शक्यताही मध्येच बदलली जाई. खेळणाऱ्यांच्या हाताचा घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोजल्या, किती ताण वाटतो हेही विचारलं. झटका बसणारच अशी खात्री असताना ताण सर्वांत जास्त असेल, असंच कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो सर्वांत जास्त होता शक्यता निम्मी-निम्मी असताना.

दहावीच्या संभाव्यतेच्या धड्याची उजळणी करू. साप असण्याची संभाव्यता ०.९ धरली, तर नसण्याची ०.१, गुणाकार ०.०९; हा गुणाकार म्हणजे अनिश्चिततेचं एक माप. ०.७ धरली तर ०.२१. ०.५ ला तो ०.२५ होतो, आणि त्यापुढे वाढतच नाही. संभाव्यता १ झाली की थेट शून्य. म्हणजे आलेख काढला तर मधोमध उंचवटा, दोन्ही टोकांना शून्य. गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी अनिश्चितता ‘बिट’ या एककात मोजण्यासाठी १९४८ मध्ये दिलेल्या सूत्रानेही आकार असाच येतो: निम्म्या शक्यतेला अनिश्चितता पूर्ण १ बिट, ०.९ ला साधारण ०.४७ बिट. लघुगणक आठवत नसेल तर हे वाक्य सोडून पुढे या.

मला या प्रयोगातला सर्वांत आवडलेला भाग पुढेच आहे. संशोधकांनी अनिश्चिततेचे प्रकार वेगळे काढले. एक आपल्या अज्ञानातून येते: या दगडाची सवय अजून कळलेली नाही. दुसरी, खेळाचा नियमच बदलला की काय, ही शंका. तिसरी, सगळं कळल्यावरही उरणारी: या दगडाखाली दहापैकी पाच वेळा साप असतो हे पाठ झालं, तरी आत्ता आहे का? ताण सर्वांत घट्ट जुळला तो या तिसरीशी. वही पहिलीवर उत्तम चालते. जमिनीचा पोत, बियाण्याची उगवण, मजुरांच्या तारखा, हे सगळं माहिती काढून ठरवता येतं. तिसरीवर कितीही पानं लिहा, एक बिट कमी होत नाही. नियोजनप्रिय डोकं तिथेच अडकतं. आणखी एक पान लिहिलं की सुटेल, असं त्याला वाटत राहतं.

बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळच्या घटमांडणीला दर अक्षय्य तृतीयेला गर्दी का होते, तेही यातून उमगतं. घटातली चार ढेकळं पावसाळ्याचे चार महिने सांगतात म्हणे! पंचांगातल्या नक्षत्राचं वाहन बेडूक की म्हैस, यावरही लोक पेरण्या ठरवतात. ढगांना ढेकळं कळत नाहीत, म्हशीही नाहीत. पण भाकीत खोटं असलं तरी पेरणीपर्यंत ते मधला उंचवटा मनातून काढून टाकतं, आणि माणूस त्याचीच दक्षिणा देतो.

मग ऐनवेळी निर्णय घ्यायला शिकायचं कसं? कृषी विभागाचा जुनाच सल्ला कामाचा आहे: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. त्यात तारीख नाही, फक्त अट आहे. मामांच्या वहीत पूर्वी ‘मृग लागला की टोबणी’ असायचं. आता धुऱ्यावर पर्जन्यमापक आहे आणि वहीत मिलिमीटर. पाऊस कधीही येवो, निर्णय आधीच झालेला असतो. फक्त त्याचा दिवस मोकळा ठेवलेला असतो.

धडधड मात्र पूर्ण थांबवायला जाऊ नये. त्याच प्रयोगात ज्यांचा ताण अनिश्चिततेबरोबर वरखाली होत होता, त्यांनीच साप जास्त अचूक ओळखले. ही नजर बसवायची तर सराव स्वस्तातल्या जागी करावा. आठवडी बाजारात यादी न नेता जावं, समोर जे ताजं दिसेल ते घ्यावं. चुकलं तर फार तर दोन दिवस वांग्याची भाजी खावी लागेल. दुबार पेरणी एवढ्यावर भागत नाही. तिथे मामांची वहीच बरी.