एका लॅपपासून आर३५ पर्यंत: निसान जीटी-आरची पार्श्वभूमी

२६ ऑगस्ट २०२५ रोजी जपानमधल्या तोचिगी कारखान्यातून जांभळ्या रंगाची शेवटची आर३५ जीटी-आर बाहेर पडली (आर३५ ही गाडीच्या पिढीची खूण). अठरा वर्षांत सुमारे ४८ हजार गाड्या झाल्या. एवढ्या काळात मूळ सांगाडा तोच राहिला, इंजिनही तेच, आणि तरी ही गाडी शेवटपर्यंत पोर्शे-फेरारीच्या शेजारी उभी करण्याच्या लायकीची राहिली. तिच्याकडे सुपरकार म्हणून पाहणाऱ्यांना तिचं मूळ घराणं ठाऊक असेलच असं नाही. हे घराणं चार दारांच्या, कुटुंबाने वापरायच्या साध्या गाडीचं आहे, आणि ती गाडी बनवणारी कंपनी निसान नव्हतीच.

युद्ध हरल्यावर जपानला विमानं बनवायला बंदी आली. तचिकावा आणि नाकाजिमा या विमान कंपन्यांतल्या इंजिनिअरांच्या हातचं काम गेलं. त्यांतले अनेक जण मोटारींकडे वळले आणि त्यातून प्रिन्स मोटर कंपनी उभी राहिली. नाव घेतलं ते तेव्हाचे युवराज अकिहितो यांच्या सन्मानार्थ. १९५७ मध्ये याच कंपनीने स्कायलाइन नावाची सेडान बाजारात आणली. या गाडीशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं ते शिनिचिरो साकुराई याच कंपनीतले.

१९६४ च्या मे महिन्यात सुझुका इथे दुसरी जपान ग्रां प्री होती. साकुराईंच्या टीमने स्कायलाइनचं नाक २०० मिलिमीटरने लांबवलं आणि ग्लोरिया या मोठ्या गाडीचं दोन लिटरचं सहा सिलिंडरी इंजिन त्यात बसवलं. गाडीचा तोल यामुळे बिघडला असणार हे कुणीही सांगेल, पण वेग आला. विजय हाताशी दिसत असतानाच शर्यतीत पोर्शे ९०४ उतरली. ही खास शर्यतीसाठी घडवलेली, बुटकी, हलकी, दोन सीटची गाडी. स्कायलाइनचं आणि तिचं काही जुळतच नव्हतं. तरीही स्कायलाइन चालवणाऱ्या तेत्सु इकुझावा यांनी एका लॅपमध्ये पोर्शेला मागे टाकलं आणि एक फेरी ती चौकोनी सेडान सगळ्यांच्या पुढे राहिली. शेवटी जिंकली पोर्शेच. दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे क्रमांक स्कायलाइनने घेतले, पण जपानच्या लक्षात राहिली ती एक लॅप. पुढची साठ वर्षं या गाडीच्या डोळ्यांसमोर पोर्शे राहिली, त्याची सुरुवात इथे आहे असं मी मानतो.

प्रिन्सने मग स्वतःची खास रेसकार बनवली, आर३८०. १९६६ च्या ग्रां प्रीत पोर्शेची नवी ९०६ रिंगणात असतानाही ती जिंकली. त्याच वर्षी सरकारी धोरणाच्या रेट्याने प्रिन्स निसानमध्ये विलीन झाली. कंपनीचं नाव पुसलं गेलं, पण माणसं आणि इंजिन दोन्ही टिकलं. आर३८० च्या इंजिनावरून रस्त्यासाठीचं एस२० इंजिन तयार झालं: १९८९ सीसी, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, १६० अश्वशक्ती. फेब्रुवारी १९६९ मध्ये हे इंजिन चार दारांच्या स्कायलाइनमध्ये बसवलं आणि गाडीला पहिल्यांदा ती तीन अक्षरं मिळाली, जीटी-आर. बाहेरून ही गाडी शेजारच्या काकांची वाटावी अशी. जपानी लोक तिला प्रेमाने ‘हाकोसुका’ म्हणतात. हाको म्हणजे खोका. या खोक्याने मे १९६९ पासून तीन वर्षांच्या आत जपानमधल्या शर्यतींत ५० विजय मिळवले.

त्यानंतरची, १९७३ ची जीटी-आर शर्यतीत कधी उतरलीच नाही. धुराच्या नव्या नियमांत एस२० बसेना, म्हणून १९७ गाड्यांवर काम थांबलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तेलाचं संकट आलं आणि जोरदार इंजिनाचा विचारच मागे पडला. पुढची सोळा वर्षं जीटी-आर नव्हती.

१९८९ मध्ये परतलेल्या जीटी-आरच्या पिढीकडे, आर३२ कडे, मात्र थांबून पाहायला हवं. या घराण्यातली सर्वांत विचारपूर्वक घडवलेली गाडी माझ्या मते हीच. ऐंशीच्या दशकात निसानने ठरवलं होतं की १९९० पर्यंत रस्त्यावरच्या चालीत आपली गाडी जगात पहिली असली पाहिजे. साकुराई आजारी पडल्यावर स्कायलाइनची सूत्रं नागानोरी इतो यांच्याकडे आली होती. तेही प्रिन्सच्या काळापासूनचे. त्यांना ग्रुप ए, म्हणजे बाजारात विकल्या जाणाऱ्या गाड्यांवरून बनवलेल्या गाड्यांच्या शर्यती जिंकायच्या होत्या, म्हणून आधी नियमांचं पुस्तक उघडलं आणि गाडी त्यातून बाहेर काढली.

इंजिनाचा आकार २५६८ सीसी का, याचं उत्तर त्या पुस्तकात आहे. टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारं यंत्र) असेल तर इंजिनाच्या आकाराला १.७ ने गुणायचं आणि येणाऱ्या आकड्यावरून गाडीचा वर्ग ठरवायचा, असा नियम होता. २५६८ ला १.७ ने गुणलं की साधारण ४३६६ येतात, म्हणजे साडेचार लिटरच्या वर्गात आत. त्या वर्गात किमान वजन किती आणि टायर किती रुंद चालतील हेही ठरलेलं होतं. या हिशेबातून आरबी२६डीईटीटी हे इंजिन जन्माला आलं: सरळ रांगेत सहा सिलिंडर, दोन टर्बो. एवढी ताकद फक्त मागच्या चाकांना पेलणार नाही, म्हणून अटेसा ही चारचाकी ड्राइव्हची रचना आली. एरवी गाडी मागच्या चाकांवर पळते. सेन्सरना मागची चाकं घसरताना दिसली की तेलात बुडालेला अनेक चकत्यांचा क्लच आवळला जातो आणि निम्म्यापर्यंत ताकद पुढच्या चाकांकडे जाते. वळणात मागची चाकंही किंचित वळवण्याची सोय होती. १९८९ साली हे सगळं एका स्कायलाइनमध्ये!

कागदावर ताकद २८० अश्वशक्ती. त्यापेक्षा जास्त आकडा जाहीर करायचा नाही, असं जपानी कंपन्यांनी आपसांत ठरवून घेतलं होतं. शर्यतीच्या गाड्यांत हेच इंजिन त्याच्या दुपटीच्या आसपास ताकद देत होतं, यावरून ते किती मजबूत बांधलं होतं याची कल्पना यावी.

निकाल सर्वांना माहीत आहे. जपानच्या टूरिंग कार स्पर्धेत १९९० ते १९९३ या चार हंगामांत २९ शर्यती झाल्या आणि २९ च्या २९ आर३२ ने जिंकल्या. ऑस्ट्रेलियात बाथर्स्टची मानाची शर्यत तिने १९९१ आणि १९९२ अशी दोनदा घेतली. १९९२ ची शर्यत पावसात अपघातांमुळे थांबवावी लागली. निकाल आधीच्या लॅपवरून धरला गेला आणि आपटून बाजूला पडलेली जीटी-आर विजेती ठरली. फोर्ड आणि होल्डनवर जीव टाकणाऱ्या तिथल्या प्रेक्षकांनी विजेत्यांची हुर्यो उडवली. पुढच्या हंगामापासून तिथले नियम बदलले आणि जीटी-आरला जागाच उरली नाही. ‘गॉडझिला’ हे टोपणनावही ऑस्ट्रेलियातच, एका मोटार मासिकाने १९८९ मध्ये दिलेलं.

१९९५ ची आर३३ आकाराने वाढली म्हणून टीका झाली, पण जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग या रेस ट्रॅकवर ती आधीच्या गाडीपेक्षा २१ सेकंद वेगवान ठरली आणि निसानने तीच तिची जाहिरात केली. १९९९ ची आर३४ आखूड, टोकदार आणि आजही सर्वांत लाडकी. आपल्याकडे ती कधी विकली गेली नाही. तरीही नव्वदच्या दशकाच्या शेवटी वाढलेल्या पिढीला ती कॉम्प्युटर गेममुळे पाठ आहे, ते निळं बॉनेट आणि मागचे चार गोल लाल दिवे.

आर३४ बाजारात आली त्याच वर्षी निसान कर्जाच्या ओझ्याखाली बुडायला आली होती. मार्च १९९९ मध्ये फ्रान्सच्या रेनो कंपनीशी करार झाला आणि निसानला सावरायला कार्लोस घोस्न आले. त्यांच्या योजनेत जे कारखाने बंद झाले त्यांत मुरायामाचा कारखाना होता, प्रिन्सने बांधलेला, जिथे स्कायलाइन बनत आल्या होत्या. २००२ च्या ऑगस्टमध्ये प्रदूषणाच्या कडक नियमांमुळे आर३४ ही थांबली. अशा वेळी खर्च कापायला आलेला माणूस जीटी-आर बंद करून टाकेल असं वाटलं असतं. पण घोस्न यांनी २००१ च्या टोकियो मोटर शोमध्ये नव्या जीटी-आरची कल्पना लोकांसमोर ठेवली आणि पुढे हे काम काझुतोशी मिझुनो यांच्या हाती सोपवलं.

मिझुनो निसानच्या ग्रुप सी, म्हणजे खास शर्यतीसाठीच घडवलेल्या गाड्यांच्या रेसिंगचे सूत्रधार होते. १९९२ ची डेटोनाची २४ तासांची शर्यत निसानने जिंकली ती त्यांच्याच काळात. आर३५ मधून त्यांनी स्कायलाइन हे नाव काढून टाकलं, कारण ही गाडी कुठल्याच सेडानवरून बनवायची नव्हती. इंजिन पुढे ठेवलं, पण क्लच, सहा गिअरचा डबल क्लच गिअरबॉक्स आणि ताकद वाटणारी यंत्रणा हे सगळं मागच्या आसावर नेलं. त्यामुळे एक शाफ्ट ताकद मागे नेतो आणि दुसरा तीच पुन्हा पुढच्या चाकांकडे आणतो. द्राविडी प्राणायाम वाटेल, पण चारही चाकांवर वजन नीट बसतं ते यामुळे. गाडी १७४० किलोची झाली. स्पोर्ट्स कार हलकीच हवी, हे मिझुनोंना मान्य नव्हतं. टायर रस्त्याला चिकटायचा तर त्याच्यावर भार हवा, असं ते आग्रहाने मांडत. नवशिक्यालाही, पावसातही, रोजच्या रस्त्यावरही चालवता येईल अशी सुपरकार, ही त्यांची व्याख्या होती.

३७९९ सीसीचं व्ही६ इंजिन, व्हीआर३८, योकोहामाच्या कारखान्यात धुळीपासून बंदिस्त खोलीत हाताने जुळवलं जाई. एक इंजिन, एक कारागीर. या कारागिरांना ‘ताकुमी’ म्हणतात. अठरा वर्षांत हे काम करणारे ताकुमी होते फक्त नऊ. नंतरच्या काळात इंजिनावर त्या कारागिराच्या नावाची पट्टीही लावली जाऊ लागली. सिलिंडरमध्ये लोखंडी नळ्या घालण्याऐवजी प्लाझ्माने ०.१५ मिलिमीटर जाडीचा लोखंडी थर फवारत, वजन वाचवायला आणि उष्णता लवकर बाहेर काढायला. बाकीची गाडी मात्र तोचिगीत निसानच्या इतर गाड्यांच्याच लाइनवर जुळवली जाई. जीटी-आरची किंमत आवाक्यात राहिली त्याचं एक मोठं कारण हे.

डिसेंबर २००७ मध्ये जपानमध्ये विक्री सुरू झाली तेव्हा किंमत होती ७७ लाख ७० हजार येन, ताकद ४८० अश्वशक्ती. कंपन्यांमधला २८० चा करार तोवर सुटला होता. जपानी गाड्यांवरचं ताशी १८० किलोमीटरचं बंधन मात्र होतं. जीपीएसवरून गाडी रेस ट्रॅकवर आहे असं दिसलं तरच ते काढता येत असे.

एप्रिल २००८ मध्ये तोशियो सुझुकी यांनी नुर्बुर्गरिंगची जवळपास २१ किलोमीटरची फेरी ७ मिनिटं २९ सेकंदांत पूर्ण केली. डेटोना जिंकणाऱ्या तिघांतले हे एक. पोर्शेला ते पटेना. त्यांनी एक जीटी-आर मिळवून स्वतः चालवून पाहिली आणि वेळ ७ मिनिटं ५४ सेकंद आल्याचं सांगितलं. निसानच्या गाडीला खास टायर असावेत असा त्यांचा संशय होता. निसानने तो फेटाळला. पंचवीस सेकंदांचा फरक चालकामुळे की टायरमुळे, यावर चाहते अजून भांडतात. मला मोठी गोष्ट वेगळीच वाटते. सुझुकात पोर्शेला एक लॅप मागे टाकल्यावर जपान हरखला होता. चव्वेचाळीस वर्षांनी पोर्शे जपानी गाडीचे सेकंद मोजत बसली होती, तेही कितीतरी स्वस्त गाडीचे.

मिझुनो २०१३ मध्ये निसान सोडून गेले. त्याच वर्षी निस्मो (निसानचा रेसिंग विभाग) आवृत्तीने, ६०० अश्वशक्तीसह, तीच फेरी ७ मिनिटं ८.६७९ सेकंदांत केली. चालक होते मिखाएल क्रुम. साध्या आवृत्तीची ताकदही टप्प्याटप्प्याने ५७० पर्यंत गेली. भारतात आर३५ डिसेंबर २०१६ मध्ये आली, दिल्लीत एक्स-शोरूम १ कोटी ९९ लाखांना. तिच्यासाठीचं खास सर्व्हिस केंद्र नोएडात होतं.

शेवटही नियमांनीच आणला. आवाजाच्या मर्यादेमुळे २०२२ मध्ये युरोपातली विक्री थांबली, २०२४ मध्ये अमेरिकेसाठीचं उत्पादन बंद झालं. जपानमध्ये सुटे भाग मिळण्याची मुदत संपत आल्याने मार्च २०२५ मध्ये ऑर्डर घेणं थांबलं. निसान तेव्हा पुन्हा १९९९ सारख्या पैशांच्या ओढाताणीत होती; वीस हजार नोकऱ्या आणि सात कारखाने कमी करण्याची घोषणा त्याच वर्षी मे महिन्यात झाली होती. शेवटची गाडी लाइनवरून उतरली तेव्हा नवे प्रमुख इव्हान एस्पिनोसा यांनी जीटी-आर परत येईल असं सांगितलं. कधी आणि कुठल्या इंजिनासह, ते त्यांनी सांगितलं नाही.