भूल दिली की आपण जातो कुठे?

मागच्या वर्षी आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी गप्पा मारता मारता इंजेक्शन दिलं आणि शुद्धीवर आल्यावर तिचा पहिला प्रश्न काय, तर "सुरू कधी करणारेत?" मधले दोन तास तिच्या हिशोबातच नव्हते. झोपेतून उठल्यावर निदान बराच वेळ झोपलो होतो एवढं तरी कळतं ना, भुलीत तेही नाही. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाहीये.

16 ऑक्टोबर 1846 ला बॉस्टनमध्ये विल्यम मॉर्टन या डेंटिस्टने पेशंटला भूल देण्यासाठी ईथर नावाच्या द्रवाची वाफ हुंगवली आणि सर्जनने त्याच्या मानेवरची गाठ काढली, सगळ्यांसमोर. तेव्हापासून आजपर्यंत किती लोकांना भूल दिली असेल विचार करा, आणि तरी जाणीव नेमकी कशी जाते हे अजून पक्कं कळलेलं नाही.

आधी वाटायचं की ही औषधं पेशींच्या स्निग्ध आवरणात शिरून काम करतात, कारण जे औषध तेलात जास्त विरघळतं ते जास्त जोरात काम करतं असं 1900 च्या आसपास दिसलं होतं. मग 1984 मध्ये फ्रँक्स आणि लीब या शास्त्रज्ञांनी काजव्याच्या उजेडामागचं प्रोटीन घेतलं, त्यात चरबीचा संबंधच नाही, तरी भुलीच्या औषधांनी त्याचं काम मंदावलं. म्हणजे प्रोटीनकडे बघायला हवं. प्रोपोफॉल, ते दुधासारखं पांढरं इंजेक्शन, मेंदूतल्या ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेचा जोर वाढवतं. पण केटामाइन हे भुलीचं दुसरं औषध वेगळ्याच ठिकाणी काम करतं, आणि झेनॉन तर सहसा कशाशीच रिअ‍ॅक्शन न करणारा वायू, त्यानेही माणूस बेशुद्ध होतो! इतक्या वेगळ्या वाटांनी जाऊन सगळे एकाच जागी कसे पोचतात?

आणि लाजाळू. फ्रान्सच्या क्लोद बर्नार्ड या शास्त्रज्ञाने 1870 च्या दशकात लाजाळूला ईथरची वाफ दिली तर हात लावूनही पानं मिटेनात, असर उतरला की परत मिटायला लागली. लाजाळूला मन असतं असं मी म्हणत नाहीये, पण हे वाचून मी खूप वेळ नुसता बसून होतो.

मला सगळ्यात अस्वस्थ करणारा प्रयोग मात्र हाताचा आहे. ऑपरेशनमध्ये स्नायू सैल करायचं औषध देतात त्याआधी एका हाताला पट्टा आवळतात, म्हणजे ते औषध तिथे पोचत नाही आणि हात हलू शकतो, मग पेशंटच्या कानात सांगतात, ऐकू येत असेल तर माझा हात दाबा. काही जण दाबतात. नंतर विचारलं तर त्यातल्या बहुतेकांना काहीच आठवत नसतं. (यावरून कुणी ऑपरेशनला घाबरू नका, डोस किती द्यायचा आणि लक्ष कसं ठेवायचं हे डॉक्टरांना उत्तम माहीत असतं.)

मग हात दाबला तो कुणी? आपण मराठीत भूल म्हणतो, विसरण्यालाही आणि बेशुद्धीलाही. त्या दोन तासांत आई खरंच नव्हती, की होती आणि फक्त आठवण राहिली नाही? तिला विचारून काय उपयोग, तिला तर ऑपरेशन सुरूच झालं नव्हतं.