१५४३ : दोन ग्रंथ आणि गोव्यातलं एक शवविच्छेदन

विज्ञानाच्या इतिहासात १५४३ हे साल दोन पुस्तकांनी गाजलं. न्यूरेम्बर्गमध्ये पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं मांडणारा कोपर्निकसचा ग्रंथ छापून झाला आणि बाझेलमध्ये माणसाच्या शरीररचनेवरचा वेसालियसचा. त्याच साली गोव्यातही एक घटना घडली. या दोघांच्या पंगतीत तिला सहसा कुणी बसवत नाही, पण माझ्या मते तिची जागा तिथेच आहे.

आधी वेसालियस. ब्रसेल्समध्ये जन्मलेला हा वैद्य त्या वेळी जेमतेम २८ वर्षांचा होता आणि पादुआ विद्यापीठात शिकवत होता. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे प्राध्यापक उंच आसनावर बसून गेलन या प्राचीन ग्रीक वैद्याचा ग्रंथ वाचायचे आणि खाली न्हावी-शल्यवैद्य प्रेत फाडायचा. पुस्तक आणि प्रेत यांचा मेळ बसतो की नाही, हे बघायची गरज कुणाला वाटत नसे. वेसालियसने सुरी स्वतःच्या हातात घेतली आणि मग चुका दिसू लागल्या. गेलनने माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा सांगितला होता. वेसालियसला तो प्रत्येक वेळी एकसंध सापडला. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचं एक अद्भुत जाळं असतं, असंही गेलनने लिहिलं होतं. ते गुराढोरांत असतं, माणसात नाही. गेलनने माकडं, डुकरं, बैल फाडून पाहिले होते आणि तेच माणसाला लावून टाकलं होतं. त्यावर तेराशे वर्षं वैद्यकी चालली!

तरी वेसालियसलाही सगळंच सोडवलं नाही. हृदयाच्या मधल्या पडद्यातून रक्त पाझरतं, असं गेलनचं म्हणणं. वेसालियसला तिथे एकही छिद्र दिसलं नाही. पण १५४३ मध्ये त्याने ते देवाच्या करणीचं नवल मानून पुढे जाणं पसंत केलं. उघड शंका घेतली ती १५५५ च्या दुसऱ्या आवृत्तीत. रक्ताभिसरणाचा खुलासा व्हायला १६२८ साल उजाडावं लागलं.

कोपर्निकसची गोष्ट बरोबर उलटी. डोळ्यांची साक्ष त्याच्या विरुद्धच होती. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल, तर सहा महिन्यांच्या अंतराने पाहिलेले तारे किंचित जागा बदललेले दिसायला हवेत. तसं काहीच दिसत नव्हतं. तारे फारच दूर असले पाहिजेत, एवढंच त्याचं उत्तर होतं. ते बरोबर होतं, पण हा सूक्ष्म बदल पहिल्यांदा खात्रीने मोजला तो जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलने, १८३८ मध्ये. म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षं! कोपर्निकसच्या बाजूने होती ती गणिताची संगती. मंगळ मधूनच मागे सरकल्यासारखा दिसतो, त्याचं कारण त्याच्या मांडणीत आपोआप मिळतं : पृथ्वी आतल्या कक्षेतून वेगाने जाताना त्याला मागे टाकते. कक्षा मात्र वर्तुळाकारच हव्यात, हा जुना आग्रह त्यालाही सुटला नाही. २४ मे १५४३ रोजी तो वारला. छापलेला ग्रंथ त्याच्यापर्यंत पोचला तो त्याच दिवशी, असं त्याच्या मित्राने लिहून ठेवलं आहे.



आता गोवा. गास्पार कोरैया हा पोर्तुगीज बखरकार त्या काळात हिंदुस्थानातच होता. त्या पावसाळ्यात गोव्यात एक जीवघेणा रोग पसरला, असं तो लिहितो. इथले लोक त्याला मोडशी म्हणत. उलट्या, न शमणारी तहान, पायांत भयंकर गोळे, डोळे निस्तेज, नखं काळी. रोगी एका दिवसात, फार तर दिवस-रात्रीत जायचा. शंभरात दहाही वाचत नसत, आणि वाचले ते इथल्या लोकांच्या साध्यासुध्या औषधांनी. दिवसभर वाजणाऱ्या मृत्युघंटांनी लोकांचा धीर सुटू नये, म्हणून गव्हर्नरने त्या वाजवायलाच बंदी केली.

मग गव्हर्नर मार्तिम आफोंसो द सोझाने इस्पितळात दगावलेल्या एका रोग्याचं प्रेत जाणकारांना उघडायला लावलं. त्यांना काय सापडलं? कोठा कोंबडीच्या पेटीसारखा, म्हणजे तिच्या पोटातल्या जाड मांसल पिशवीसारखा आक्रसलेला आणि आगीत होरपळलेल्या चामड्यासारखा सुरकुतलेला. बाकी काही नाही.

कोंबड्या-जनावरंही मेली, असं कोरैया सांगतो. हा रोग कॉलरा होता असं मानलं, तर ते जुळत नाही. पण माणसांची लक्षणं मात्र हुबेहूब कॉलऱ्याची आहेत. या रोगात शरीरातलं पाणी आणि क्षार भराभर निघून जातात, गंभीर रोग्यात तासाला लिटरभरसुद्धा. क्षार गेले की स्नायूंत गोळे येतात. पाणी गेलं की रक्त दाट होतं, डोळे खोल जातात आणि नखांपर्यंत रक्त नीट पोचत नाही, म्हणून ती काळवंडतात. कोरैयाने नोंदवलेल्या एकेका खुणेमागे ही कारणं दिसतात.

त्या वैद्यांना कारण सापडलं नाही, यात त्यांचा दोष नव्हता. वेसालियस स्वतः तिथे असता, तरी त्याचेही हात रिकामेच राहिले असते. कॉलऱ्याचा जंतू सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाही. इटालियन वैद्य पाचीनीने तो १८५४ मध्ये फ्लॉरेन्सला पाहिला आणि जर्मन वैद्य कॉखने १८८४ मध्ये कलकत्त्यात तोच कॉलऱ्याचं मूळ असल्याचं पक्कं केलं. पण जंतू नेमकं करतो काय? हे १९५९ मध्ये कलकत्त्यातच शंभूनाथ डे यांनी दाखवलं. तो एक विष सोडतो, आणि त्या विषामुळे लहान आतड्याच्या पेशी क्षार आणि पाणी बाहेर टाकत राहतात. आतड्याचं अस्तर मात्र जवळपास शाबूत राहतं. सुरीला दिसेल अशी जखम तिथे नसतेच.

अस्तर शाबूत असतं म्हणूनच एक साधा उपाय लागू पडतो. रोगी असतानाही आतडं साखरेबरोबर मीठ शोषून घेतं आणि त्यांच्यामागून पाणी आत येतं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून वाटायला सुरुवात केली. ते पाणी रोग्यांना त्यांचे नातेवाईकच पाजत होते. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्याही खाली आलं.