भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील बिऱ्हाडकरू

मुंबईच्या किनाऱ्यावर असा एक पट्टा आहे, जो दिवसातून दोनदा समुद्राचा तळ असतो आणि दोनदा उघडी जमीन. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे कोळीबांधव ज्याला उधाण म्हणतात त्या दिवसांत, भरती आणि ओहोटीच्या पातळीतील फरक इथे चार मीटरच्याही वर जातो. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, तो बराच कमी असतो. शिवडीचा चिखल, गिरगाव आणि जुहूची वाळू, वांद्र्याचे आणि हाजी अलीचे काळे खडक हे सगळे या पट्ट्यात येतात.

इथे राहणाऱ्या प्राण्याची अडचण नीट समजून घ्यायला हवी. कल्ल्यांनी श्वास घेणारा मासा ओहोटीला उघड्यावर पडला, तर कल्ल्यांचे नाजूक पदर एकमेकांना चिकटून वाळतात आणि तो गुदमरतो. उलट, हवेत श्वास घेणारा प्राणी भरतीला बिळात अडकला, तर तोही गुदमरतो. पाण्यात राहण्याची किंवा जमिनीवर राहण्याची तयारी असून भागत नाही. दोन्हींची तयारी लागते, आणि तीही दर सहा तासांनी बदलणारी. या पट्ट्यातील बहुतेक प्राण्यांनी यावर एकाच प्रकारचा तोडगा काढलेला दिसतो: पाणी निघून जाताना थोडे पाणी स्वतःजवळ राखून ठेवायचे, किंवा पाणी येण्यापूर्वी थोडी हवा साठवून ठेवायची. एक प्राणी तर दोन्ही करतो, आणि तो आपल्या अगदी ओळखीचा आहे.

तो म्हणजे निवटी. आगरी-कोळी घरांत निवट्यांचे कालवण आवडीने खाल्ले जाते, त्यामुळे अनेकांनी हा मासा बाजारात किंवा ताटात पाहिलेला असतो. पण ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलावर तो काय काय करतो, हे मात्र फार थोड्यांनी पाहिलेले असते. छातीजवळचे दोन पर पुढे टेकवून, त्यांवर शरीराचा भार उचलून तो चिखलावर अक्षरशः चालतो. घाई असेल तर शेपटी चिखलावर आपटून उडी मारतो. आपल्या खाड्यांत आढळणाऱ्या एका जातीच्या निवट्या डोके डावीकडे-उजवीकडे हलवत चिखलाच्या पृष्ठभागावरचा सूक्ष्म शेवाळाचा थर खरवडून खातात, आणि त्यांच्या मागे चिखलावर अर्धवर्तुळाकार ओरखड्यांची रांग उमटत जाते.

पाण्याबाहेर हा मासा श्वास कसा घेतो? कल्ल्यांच्या पोकळीत तो पाणी भरून ठेवतो आणि तोंड घट्ट मिटतो. शिवाय त्याच्या त्वचेखाली आणि तोंडाच्या आतल्या अस्तरात अतिशय बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते, ज्यातून हवेतील प्राणवायू थेट रक्तात शिरतो. मात्र त्यासाठी त्वचा ओली असावी लागते. म्हणूनच निवटी मधूनमधून डबक्यात कूस पालटून अंग भिजवून घेते. तिचे डोळे डोक्याच्या अगदी वर, फुगीर असतात, आणि ते पाहत राहिलात तर एक गंमत दिसेल: एकेक डोळा मधूनच खाली खोबणीत बुडतो आणि पुन्हा वर येतो. माशांना आपल्यासारख्या पापण्या नसतात आणि निवटीला अश्रुग्रंथीही नाहीत. पण डोळ्याखालच्या कातडीच्या पेल्यात ओलावा साठवलेला असतो, आणि डोळा त्यात बुडवून काढणे हीच तिची पापणी लवण्याची रीत आहे. डोळा ओला ठेवणे, त्यावरची घाण पुसणे आणि इजेपासून त्याला वाचवणे या तीनही कामांसाठी ती असे करते, म्हणजे ज्या कारणांसाठी आपण पापण्या मिटतो, नेमक्या त्याच कारणांसाठी.

इथवर झाले पाणी जमिनीवर आणण्याचे. पण मला निवटीचे खरे कर्तब तिच्या बिळात दिसते. खाडीच्या चिखलाचा वरचा करडा थर बोटाने बाजूला केला, की खाली काळाकुट्ट चिखल लागतो आणि कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो. त्या थरात पाने-पाचोळा कुजवणारे जिवाणू सगळा प्राणवायू संपवून टाकतात. निवटी बीळ करते ते याच चिखलात, आणि अंडीही तिथेच घालते. मग अंड्यांना श्वास कसा मिळावा? जपानच्या किनाऱ्यावरील निवटीच्या एका जातीचा अभ्यास करताना शास्त्रज्ञांना याचे उत्तर सापडले. बिळाच्या आत वर उचललेली एक खोली असते आणि अंडी तिच्या छताला चिकटवलेली असतात. ओहोटी लागली, की नर बाहेर येऊन तोंडात हवेचा घोट भरतो, पाण्याने भरलेल्या बिळातून खाली जातो आणि ती हवा खोलीत सोडतो. अशा असंख्य खेपा घालून तो तिथे हवेचा साठा टिकवून ठेवतो, आणि बाहेर समुद्र चढलेला असतानाही आतली अंडी हवेतच राहतात.

याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. पिल्ले बाहेर येण्याइतकी वाढली, की भरती चढत असलेल्या एखाद्या रात्री तोच नर उलटे काम सुरू करतो. खोलीतील हवा तोंडात भरून तो बाहेर नेऊन सोडतो. हवेच्या जागी पाणी शिरते, अंडी बुडतात, आणि पाण्याचा स्पर्श हाच त्यांना फुटण्याचा इशारा ठरतो. इतके दिवस ज्या पाण्यापासून अंडी जपली, त्याच पाण्यात त्यांना योग्य वेळी बुडवणारा हा बाप मासा आहे, हे सांगितले तर कोणाला सहजी पटणार नाही.

आता चिखलावरून वाळूवर येऊ. जुहूला किंवा गिरगावला ओहोटीच्या वेळी वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी पसरलेली सर्वांनीच पाहिली असेल. ती जेमतेम एक सेंटिमीटर आकाराच्या इवल्या खेकड्यांची करामत आहे. बिळातून बाहेर पडून खेकडा एका सरळ रेषेत वाळू उचलत जातो, तोंडातल्या पाण्याने ती धुऊन वाळूच्या कणांना चिकटलेले सूक्ष्म अन्न वेगळे करतो आणि उरलेल्या धुतलेल्या वाळूचा गोळा मागे टाकतो. गोळा केल्यामुळे तीच वाळू पुन्हा चाळण्याचे श्रम वाचतात. या खेकड्यांच्या पायांच्या वरच्या भागावर पातळ पडद्याच्या खिडक्या असतात. पूर्वी शास्त्रज्ञांना हे ऐकण्याचे अवयव वाटत होते. १९८६ साली असे दाखवून देण्यात आले की त्या खिडक्यांतून हा खेकडा हवेतील प्राणवायू घेतो, म्हणजे चक्क पायांनी श्वास घेतो. भरती जवळ आली की तो बिळात शिरतो, आणि या कुळातील काही जाती तर ओल्या वाळूच्या गोळ्यांची घुमटी डोक्यावर रचून आत हवा कोंडून घेतात.

खडकांवरच्या प्राण्यांना बीळ करता येत नाही. तिथल्या पांढुरक्या, खरखरीत, पायाला टोचणाऱ्या शंकूंना बार्नॅकल म्हणतात. ते शिंपल्यांसारखे दिसत असले, तरी नात्याने कोळंबी आणि खेकड्यांचे भाऊबंद आहेत. लहानपणी बार्नॅकल पोहत असतो. मग जागा निवडून डोके खाली करून तो स्वतःला खडकाला कायमचा चिकटवून घेतो आणि उरलेले आयुष्य पाय पाण्यात फडफडवून अन्न गोळा करण्यात घालवतो. ओहोटी झाली की वरची झाकणे मिटून आत पाणी अडवून ठेवतो आणि उन्हाने तापलेल्या खडकावर तासन्‌तास तग धरतो. चार्ल्स डार्विन यांनी १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षे या प्राण्यांच्या अभ्यासाला दिली, यावरून ते दिसतात तितके साधे नाहीत हे लक्षात यावे. शेजारच्या फटींतल्या गोगलगायीही शंखाच्या तोंडावरचे झाकण लावून हेच करतात.

राहिले रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो. ज्या ठाणे खाडीत ते दर हिवाळ्यात येऊन उन्हाळा संपेपर्यंत राहतात, तिथला भाग २०१५ मध्ये अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून घोषित झाला. हे पक्षी डोके उलटे करून चोच पाण्यात घालतात, जीभ पुढे-मागे हलवून चिखलपाणी आत-बाहेर करतात, आणि चोचीच्या कडांवरील दाट, केसांसारख्या पट्ट्यांत सूक्ष्म शेवाळ व छोटे जीव अडकवतात. त्या अन्नातील रंगद्रव्यांमुळेच त्यांना गुलाबी रंग येतो. पिल्ले करड्या रंगाची असतात. पोटात गेलेले जास्तीचे मीठ डोक्यातील ग्रंथी वेगळे करतात आणि ते नाकपुड्यांवाटे बाहेर पडते. पाणी किंवा हवा साठवण्याची गरज मात्र त्यांना नाही, कारण ते जागाच बदलतात: ओहोटीला चिखलावर चरायचे आणि भरतीने चिखल झाकला की नवी मुंबईच्या किनाऱ्यालगतच्या उथळ तळ्यांवर जाऊन थांबायचे. ती तळी बुजली, तर भरतीच्या वेळी त्यांना उभे राहायलाही जागा उरणार नाही.

ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि या पक्ष्यांचे येणे-जाणेही तिच्याबरोबर सरकते. त्यामुळे एखाद्या सकाळी शिवडीला हजारो रोहित दिसले म्हणून आठवड्याने नेमक्या त्याच वेळी मित्रांना घेऊन गेलात, तर तिथे नुसते पाणी दिसेल. घरातील मोठ्या माणसांबरोबर निघण्याआधी भरतीचे वेळापत्रक पाहावे आणि ओहोटी लागल्यावर दोन-तीन तासांनी पोहोचावे; चिखलात मात्र उतरू नये, कारण निवटीला पेलणारा चिखल आपल्याला पेलत नाही.