न्यूरोपेप्टाइडे, कीटकांच्या दिशाकेंद्रातील

कीटकाच्या मेंदूच्या मधोमध 'मध्यवर्ती संकुल' नावाचा चेतापेशींचा गुंता असतो. तोंड कोणत्या दिशेला आहे, किती वळलो, याचा हिशेब इथे चालतो. वाळवंटी टोळात आकाशातील ध्रुवित प्रकाशाच्या (ज्याच्या लहरी एकाच ठरावीक दिशेत कंप पावतात अशा) दिशांचा नकाशाच या संकुलाच्या सेतूसारख्या भागात मांडलेला असल्याचे 2007 मध्ये दिसले. 2015 मध्ये फळमाशीच्या (मंडईत पिकल्या केळ्यांवर घोंघावते तीच) संकुलातील वलयाकार भागात माशी वळेल तशी सरकणारी चेतापेशींची सक्रियता थेट पाहता आली. टोळात व मधमाशीत हा भाग वलय न होता वाकडी पट्टीच राहतो. एवढा फरक सोडला तर संकुलाची ठेवण कीटकांत बरीचशी सारखी असते.

रसायनांचे तसे नाही. इथल्या पेशी ॲसिटिलकोलीन, गाबा यांसारख्या झटपट निरोप्यांबरोबर न्यूरोपेप्टाइडेही सोडतात. ही अमिनो आम्लांची आखूड साखळी असून तिचा परिणाम सावकाश आणि दूरवर होतो. टॅकिकायनिन, ऑर्कोकायनिन, ॲलॅटोस्टॅटिन-ए, शॉर्ट न्यूरोपेप्टाइड एफ ही त्यांतली काही कुळे. कुळे जुनी आहेत. मात्र कोणते पेप्टाइड कोणत्या पेशीत, हे जातीगणिक बदलते.

नावांवर फार विसंबू नये. ऑर्कोकायनिन प्रथम एका क्रेफिशमध्ये (गोड्या पाण्यातला, झिंग्याच्या नात्यातला प्राणी) सापडले, त्याच्याच शास्त्रीय नावावरून ते ओळखले जाते. ॲलॅटोस्टॅटिन-ए हे नाव झुरळात ते बालसंप्रेरकाची (पिल्लाला प्रौढ होण्यापासून थोपवणारे रसायन) निर्मिती रोखते म्हणून पडले. फळमाशीत मात्र ते काम ते करत नाही. तिच्या संकुलात झोपेशी निगडित पेशी हेच पेप्टाइड वापरून हालचालीला चालना देणाऱ्या पेशींना गप्प करतात. टॅकिकायनिन व शॉर्ट न्यूरोपेप्टाइड एफ संकुलातील ठरावीक पेशींत कमी केले, की माशीच्या चालण्यात फरक पडतो. म्हणजे हे केंद्र नुसते होकायंत्र नव्हे. दिशा कळल्यावर निघायचे की बसून राहायचे, हेही इथे ठरते.

काही वंशांत अख्खे पेप्टाइडच गळून पडले आहे. घरच्या पिठात होणाऱ्या तांबड्या भुंगेऱ्यात ॲलॅटोस्टॅटिन-ए आणि कोराझोनिन नाहीत. फळमाशीत ॲलॅटोट्रॉपिन नाही. तरी भुंगेरा पिठातून वाट काढतोच.

पुण्यात या विषयाला लागणारे कीटक हाताशी आहेत. पाषाणच्या आयसर संस्थेत फळमाशीवर काम चालते. गणेशखिंड रस्त्यावर 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. आग्या मोहोळाच्या माश्या चांदण्या रात्रीही चारा गोळा करतात. भीमाशंकरच्या रानात भुंग्यांच्या (भुंगेरे नव्हेत, लाकूड पोखरणाऱ्या मोठ्या माश्या) तीन जाती जवळजवळ नांदतात: एक दिवसा उडणारी, एक मुख्यतः दिवसा पण संधिप्रकाशातही, आणि तिसरी, झायलोकोपा ट्रँक्वेबारिका, अमावस्येच्या अंधारातही घराची वाट न चुकणारी. जवळचे नाते आणि उडण्याच्या वेळा इतक्या वेगळ्या. संकुलातील पेप्टाइडांची तुलना करायला याहून सोयीचे त्रिकूट क्वचितच मिळेल.