फर्माच्याच प्रमेयाने पकडलेली फर्माची चूक

सुरुवातीची चार-पाच उदाहरणे जुळली की नियम सिद्ध झाला असे मानण्याच्या मोहातून थोर गणितज्ञही सुटलेले नाहीत. पिएर द फर्मा यांनी १६४० च्या सुमारास २ चे १, २, ४, ८ आणि १६ हे घात घेऊन प्रत्येकात १ मिळवला, तेव्हा ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या संख्या मिळाल्या. या पाचही मूळ संख्या आहेत, आणि एवढ्यावरून पुढच्या सर्व संख्याही मूळच असतील असे त्यांना वाटले. सिद्धता मात्र त्यांच्याकडे नव्हती. पुढची संख्या २³² + १, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७. ती ६४१ × ६७,००,४१७ आहे, हे लिओनहार्ड ऑयलर यांनी १७३२ मध्ये दाखवले.

या संख्येच्या वर्गमुळापर्यंत साडेसहा हजारांहून अधिक मूळ संख्या आहेत. मग नेमकी ६४१ कशी हाती लागावी? समजा, प ही मूळ संख्या २³² + १ ला निःशेष भागते. मग प ने भागल्यास २³² ची बाकी −१ मानता येते, आणि वर्ग केल्यावर २⁶⁴ ची बाकी १ येते. २ च्या घातांच्या बाक्या चक्राकार फिरतात. हे चक्र ६४ पायऱ्यांनी मिटते, पण ३२ पायऱ्यांनी मिटत नाही, म्हणून त्याची लांबी नेमकी ६४ असते. आता फर्मा यांचेच प्रमेय, तेही १६४० मधलेच, सांगते की २ चा (प − १) वा घात घेतल्यास बाकी १ येते. म्हणून प − १ ला ६४ ने भाग गेलाच पाहिजे. त्यामुळे १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ एवढ्याच संख्या तपासल्या की पाचव्या प्रयत्नात उत्तर मिळते. हत्यार फर्मा यांच्या हातात होते, तरी ते इथे चालवले गेले नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

प्रत्यक्ष भागाकारही करावा लागत नाही. ६४१ = ५ × २⁷ + १ असल्याने ५ × २⁷ ची बाकी −१, आणि चौथा घात घेतल्यावर ५⁴ × २²⁸ ची बाकी १ येते. परंतु ६४१ = ५⁴ + २⁴ देखील आहे, त्यामुळे ५⁴ च्या जागी −२⁴ लिहिता येते. परिणामी −२³² ची बाकी १, म्हणजेच २³² + १ ला ६४१ ने निःशेष भाग जातो.

अंकांची बेरीज करून ‘शुभांक’ काढणाऱ्यांना २५७ आणि ४,२९,४९,६७,२९७ या दोहोंसाठी ५ च मिळेल, कारण ती बेरीज म्हणजे केवळ ९ ने भागल्यावरची बाकी आहे. एक संख्या मूळ आणि दुसरी संयुक्त आहे, याचा तिला पत्ताही लागत नाही.

६५५३७ नंतर या मालिकेत एकही मूळ संख्या सापडलेली नाही. २ चा २²⁰ वा घात अधिक १ ही संख्या संयुक्त असल्याचे १९८७ मध्ये सिद्ध झाले, पण तिचा एकही विभाजक अद्याप हाती आलेला नाही.